कितीले पडला?

प्रतापनगर असो, मानेवाडा असो, नंदनवन असो की त्रिमूर्तीनगर, नागपूरच्या प्रत्येक वस्तीत एक काकाजी असतात. आडनाव बदलतं, स्कूटरचा रंग बदलतो, प्रश्न मात्र तोच राहतो. डिलिव्हरीवाल्या पोराने खोकं फाटकाशी टेकवलं की समोरच्या गॅलरीतून आवाज येतो, "कितीले पडला?" खोक्यात काय आहे, हे काकाजी विचारत नाहीत. खोक्याच्या आकारावरून आणि ते उचलताना पोराची पाठ किती वाकली यावरून त्यांनी ते कधीच ओळखलेलं असतं.

आमच्या लाइनीतले काकाजी वैधमापन खात्यातून निवृत्त झाले. तराजू, वजनं, लिटरची मापं आणि पेट्रोलपंपाची नळी तपासण्यात त्यांची नोकरी गेली. सरकारने त्यांना सेवेतून मोकळं केलं. त्यांनी बाजाराला मोकळं केलं नाही. सदऱ्याच्या खिशात टेस्टर, पेन्सिल आणि मोजपट्टी. काखेत लाल कापडी बांधणीची वही. त्या वहीत वस्तीतल्या यच्चयावत मिक्सर, मोबाइल, गीझर आणि गॅसच्या शेगड्यांची नोंद आहे: कोणी, कुठून, कधी आणि कितीला घेतलं. शेवटचा रकाना 'फसला का?' असा आहे. त्यात 'नाही' हा शब्द आजवर कोणी वाचलेला नाही. फार तर 'थोडा'.

काकाजींचा खरा हंगाम होळी पेटली की सुरू होतो. ताडपत्रीत गुंडाळलेले कूलर उघडे पडतात. नागपूरचा कूलर म्हणजे चाकांवर फिरणारा प्लास्टिकचा डबा नव्हे. खिडकीबाहेर स्टँडवर बसणारं ते लोखंडी धूड असतं. ताट्या वाळ्याच्या लावाव्या, लाकडाच्या किसाच्या की नव्या हनीकोंबच्या, यावर लाइनीत जेवढी घरं तेवढी मतं. काकाजी वाळ्याचे. "वास फुकट भेटते," हे त्यांचं पहिलं कारण. दुसरं शास्त्रीय आहे. "हवा कोरडी पाहिजे. पाणी उडते, म्हणून गारवा येते. मुंबईत हा कूलर लावशील तर घामच येईन." 25 मेच्या सुमारास नवतपा लागतो आणि नऊ दिवस नागपूरकर दुपारचा घराबाहेर दिसत नाही. काकाजी तेव्हा डोक्याला दुपट्टा बांधून घरोघर थर्मामीटर घेऊन फिरतात. बाहेर 45, खोलीत 29 असा आकडा आला, तर ते कूलरच्या पत्र्यावर शाबासकीची थाप मारतात. अर्थात आधी टेस्टर लावून.

तो टेस्टर चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. लोखंडी कूलर, साचलेलं पाणी आणि नसलेलं अर्थिंग यांनी विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. काकाजी दर मार्चमध्ये प्रत्येक घरच्या कूलरच्या अंगाला टेस्टर लावतात. दिवा लुकलुकला तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्या घरचा चहा पीत नाहीत. "प्लग काढ, मंग पाणी टाक," हे त्यांचं वाक्य आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

एसीवर त्यांचा राग आहे. "दीड टनाचा एसी भर उन्हात पाऊण तासात जेवढं युनिट खाते, तेवढ्यात माझा कूलर पाच तास चालते." मग जुलैत पाऊस लागतो, हवा ओली होते आणि तोच कूलर गादीपासून पापडापर्यंत सगळं दमट करून सोडतो. तेव्हा एसीवाल्यांची खिडकी बंद आणि काकाजींचं तोंडही बंद असतं. पाऊस उघडेपर्यंत ते इंटरनेटकडे वळतात.

इंटरनेट हा काकाजींच्या मापनशास्त्राला बसलेला मोठा धक्का होता. पोरानं 100 एमबीपीएसची जोडणी घेतली. काकाजींनी एक फाइल उतरवून घड्याळ लावलं, तर सेकंदाला जेमतेम साडेबारा एमबी. त्यांचे डोळेच चमकले. नोकरीभर शोधत होते तसा चोर हाती लागला होता. पोरानं समजावलं की कंपनी बिटमध्ये सांगते, फाइल बाइटमध्ये मोजतात, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे हिशोब चोख आहे. काकाजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे किलोचा भाव सांगायचा अन् पावशेराच्या अर्ध्यानं मोजायचं. अन् हे कायद्यात बसते? आमच्या वेळी याचा पंचनामा झाला असता."

तेव्हापासून ते वस्तीचा वेगही मोजतात. मोबाइल समोर धरून ते खोल्या-खोल्यांतून चालतात. पाणाड्या नारळ घेऊन शेतातून जातो, अगदी तसे. "5 गिगाहर्ट्झ पळते, पण भिंतीले भेते. 2.4 हळू चालते, पण दोन भिंती पार करते. अन् तुमी राउटर ठेवला लोखंडी कपाटामागं! त्यानं जावं कुठून?" एका घरात त्यांच्या मापनानुसार सगळ्यात योग्य जागा देवघराची निघाली. आजींनी नाही नाही म्हणत राउटरला बाळकृष्णाशेजारी जागा दिली. आता त्या उदबत्ती दोघांनाही ओवाळतात, आणि नातवंडं परीक्षेच्या दिवसांत देवघराबाहेर हलत नाहीत.

नेट बंद पडलं की बाकीची माणसं ग्राहक सेवेला फोन लावतात. पलीकडून एक गोड आवाज सांगतो की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग तबला-सतारीची धून वाजते. मग राउटर बंद करून चालू करायला सांगतात. काकाजी फोन लावत नाहीत. ते गॅलरीतून खांबाकडे पाहतात. सिमेंट रस्त्याचं खोदकाम कोणत्या चौकात पोचलं आहे, जेसीबी कालपासून कुठे उभा आहे आणि तारांचं जाळं कोणत्या खांबावर लोंबतं आहे, हे त्यांना ठाऊक असतं. "चौकात फायबर तुटला. पोट्टा चार वाजता येते." पोट्टा चारला येतो. कारण गेल्या खेपेला काकाजींनी त्याची शिडी धरली होती आणि काकूंनी त्याला सांबारवडी खाऊ घातली होती.

या ग्राहक सेवेचा सूड घ्यायचा म्हणून एका वर्षी काकाजींनी मारबतीचा मुहूर्त धरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी आणि महालातून काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही मिरवणूक. सोबत बडगे असतात. ज्याचा वैताग आला त्याचा पुतळा करायचा, महागाई असो की भ्रष्टाचार, आणि 'घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर घालवून द्यायचा. काकाजी एका मंडळात गेले आणि म्हणाले, यंदा ग्राहक सेवेचा बडग्या करा. पोरांना कल्पना आवडली. बांबू आले, कागद आला. मग पुतळा करणाऱ्यानं हात थांबवले. "काकाजी, बडग्याले तोंड लागते. याचं तोंड कोणी पाह्यलं काय?" कोणीच पाहिलेलं नव्हतं. त्या वर्षी पुन्हा महागाईचाच बडग्या निघाला.

खाण्याच्या बाबतीत काकाजींचं मापन वेगळं. इथे वही बंद, नाक उघडं. सकाळी कस्तुरचंद पार्ककडे तर्री पोहे खायला जायचं तर त्यांच्यासोबतच जावं. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री पडली, वर कच्चा कांदा आणि चिवडा आला की ते प्लेट तिरकी करून बघतात. तेलाचा तवंग कडेला थांबला तर पास. पोह्यात जिरला तर नापास. सावजीचं मटण ते रुमालावर मोजतात. घाम कपाळावर आला तर घरगुती, मानेवर आला तर बरं, कानामागे आला तर हलबा कोष्ट्याच्या हातचं. पाटोडीचा रस्साही याच मापात बसतो. ज्या भोजनालयात रुमाल कोरडा राहिला, तिथे ते पुन्हा जात नाहीत.

ॲपवरून मागवलेल्या पोह्यांबद्दल त्यांचा निकाल साफ आहे. "तर्री डब्यात भरली की तिची भाजी होते." एकदा नातवानं मागवलेच, तर काकाजींनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवला, डब्याचं वजन वजा केलं, गाडीवरच्या दराशी भागाकार केला, पॅकिंगचा आकार आणि डिलिव्हरीचं भाडं मिळवलं. हिशोब संपला तेव्हा पोहे गार झाले होते. त्याचाही दोष त्यांनी ॲपच्याच खात्यावर टाकला.

मोबाइलवर तारे देण्याची सोय झाल्यापासून काकाजींनी एक गनिमी कावा शोधला आहे. जी गाडी जिवापाड आवडते तिला ते दोन तारे देतात आणि खाली लिहितात, 'बरे आहे. बसायला जागा नाही.' कारण चांगलं लिहिलं की गर्दी होते, गर्दी झाली की तर्रीत पाणी पडतं. याउलट जे हॉटेल आवडलं नाही त्याला पाच तारे आणि भरघोस स्तुती. "जाऊ दे न तिकडं सगळी गर्दी." डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं आणि मुंबईची मंडळी शहरात उतरली की त्यांचा हा उद्योग दिवसरात्र चालतो. पोहेवाल्याला हे ठाऊक नाही. 'लोकं दोन तारे काहून देऊन राहिले' असं तो काकाजींनाच विचारतो आणि काकाजी दुसरी प्लेट सांगतात.

आता त्यांच्या घरात डोकावावं. दिवाणखान्यात पाठीमागे ढेरी असलेला जुना टीव्ही आहे. सपाट टीव्ही घ्यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा प्लाझ्मा चांगला की एलसीडी हा वाद होता. अभ्यास पूर्ण होईस्तोवर एलईडी आला. त्याचा अभ्यास झाला, तोवर प्लाझ्मा बाजारातून उठला. वर ओएलईडी आला. काकू मालिका मोबाइलवर बघतात. "यांचा टीव्ही येईन तेव्हा पाहू," असं त्या म्हणतात आणि यात त्यांना कसलीच घाई दिसत नाही.

मात्र लाल वहीचं एक गुपित आहे आणि ते काकाजी सोडून सगळ्यांना माहीत आहे. वहीतली एकही किंमत खरी नाही. खरी सांगितली तर काकाजींच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटतं, ते पाहवत नाही. "बाप्पा! साडेसहा हजार? अरे, मले विचारलं असतं न बे..." आणि मग तासाभराचं सांत्वन. म्हणून साडेसहा हजाराचा मिक्सर 'अठ्ठेचाळीसशेला' सांगितला जातो, पंधरा हजाराचा मोबाइल 'बाराला भेटला' होतो. सगळी वस्ती प्रेमापोटी खोटं बोलते आणि काकाजी ते पेन्सिलीनं टिपून घेतात.

झालं काय, की भाचीच्या लग्नात द्यायला काकाजींना तोच मिक्सर हवा होता. वही घेऊन ते सीताबर्डीवरच्या दुकानात गेले. दुकानदारानं साडेसहा सांगितले. काकाजींनी पान उघडून दाखवलं: तारीख, मॉडेल, अठ्ठेचाळीसशे. दुकानदार म्हणाला, एवढ्याला तर आम्हालाही येत नाही. काकाजींनी मोजपट्टी काढली, खोक्यावरची छापील किंमत वाचली, उत्पादनाचा महिना वाचला, वैधमापन कायदा 2009 चं नाव घेतलं आणि काउंटरसमोरच्या स्टुलावर बसून चहा मागवला. दुपार कलली. गिऱ्हाइकं भोवती जमून ऐकू लागली. शेवटी दुकानदारानं हात जोडले. मिक्सर अठ्ठेचाळीसशेलाच आला, वर भांडं धुवायचा ब्रश.

तेव्हापासून वस्तीत खरेदीची रीतच बदलली. आधी एक जण वस्तू महाग घेतो आणि किंमत कमी सांगतो. काकाजी ती लिहून घेतात. मग बाकीचे काकाजींना घेऊन दुकानात जातात आणि त्याच कमी किमतीत वस्तू आणतात. पहिला गप्प बसतो, कारण त्याला बोलायची सोय उरलेली नसते. वहीतल्या थापा काकाजींनी एकेक करून खऱ्या करून दाखवल्या आहेत आणि हे त्यांना अजून कळलेलं नाही.

तेव्हा नागपुरात घर घ्यायचं असेल, तर नळाला पाणी किती वेळ येतं आणि मेट्रोचं स्टेशन किती लांब आहे, हे विचाराच. पण लाइनीत काकाजी आहेत का, तेही बघा. असतील तर फ्लॅटची किंमत विचारतील. थोडी कमीच सांगा. पुढच्या गिऱ्हाइकाचं भलं होईल.