पाझरसाहेब

संभाजीनगरात पाटबंधाऱ्यांचं महामंडळ आहे, पैठण रोडला पाणी-जमीन व्यवस्थापन शिकवणारी वाल्मी आहे आणि पुढे पैठणला साक्षात जायकवाडी धरण. एवढं सगळं हाताशी असल्यावर गावातल्या प्रत्येक जुन्या कॉलनीच्या वाट्याला पाटबंधारे खात्यातला एक निवृत्त डेप्युटी इंजिनिअर येणारच. आमच्याकडे ते आले, आणि त्यांच्या नशिबानं कॉलनीत तळघरंही निघाली. नळाला आठवडा-आठवडा पाणी नाही, पण जुलै लागला की तळघराला रोज येतं. डेप्युटीसाहेबांना पेन्शन सरकार देतं. जगायला कारण हे पाणी देतं. 27 दरवाज्यांच्या, 102 टीएमसीच्या धरणावर उमेदीची वर्षं काढलेला माणूस आता बारा बाय पंधराच्या खोलीवर तेवढाच जीव टाकतो.

कुणाकडे ओल आल्याची कुणकुण लागली की साहेब बोलावण्याची वाट बघत नाहीत. पायात गमबूट, हातात बॅटरी, बगलेत एमबी. खात्यात असतात तशी मेजरमेंट बुकं आता मिळत नाहीत, म्हणून शाळेच्या वह्यांना त्यांनी खाकी पुठ्ठे चढवलेत. घरात शिरता शिरता पहिला हुकूम सुटतो, "पुसू नका वहिनी! पुरावा जातो."

मग तपासणी. भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून चिकटवायचं. दुसऱ्या दिवशी थेंब खोलीकडच्या अंगाला दिसले तर तो हवेतला दमटपणा, भिंतीकडच्या अंगाला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे. फक्त कोपऱ्यावरच्या वहिनींच्या तळघरात घोटाभर पाणी साचलं होतं, तेव्हाही साहेबांनी आधी प्लास्टिकच मागवलं.

निदान मात्र चोख. वर काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यातून थेट खाली उतरतं. खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण; तो काही पाणी सहजी पीत नाही. तळघर बांधून झाल्यावर भिंतीभोवती टाकलेला भराव भुसभुशीत, म्हणून सगळं पाणी तिथंच येऊन उभं राहतं आणि भिंत-फरशीच्या सांध्यातून आत शिरतं. "तुम्ही तळघर नाही बांधलंत," साहेब सांगतात, "विहीर बांधलीत आणि आत सोफा ठेवलात."

एखादा ठेकेदार नोझल मारून ग्राउटिंग करायला आलाच, तर त्याला शहरातल्या जुन्या पाणचक्कीचा दाखला ऐकावा लागतो. वर पाण्यानं भरलेला हौद, त्याच्या तळाखाली खांबांवर तोललेलं दालन. उन्हाळ्यात माणसं तिथं गारव्याला बसायची. "त्या मिस्त्रीनं दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली होती का?" ठेकेदार बिचारा ॲडव्हान्स घ्यायला आलेला असतो. तो पावतीपुस्तक मिटतो.

इलाज हा साहेबांचा प्रांतच नाही. त्यांचा प्रांत मोजणी. धरणाच्या पायथ्याशी पाझर मोजायला व्ही-नॉच बसवतात. साहेबांनी गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा काटकोनात कापला आणि वहिनींच्या तळघरातल्या नालीत एमसील थापून बसवला. सकाळ-संध्याकाळ स्टीलच्या पट्टीनं पाण्याची उंची घ्यायची. पंप लावायला मनाई, रीडिंग बिघडतं. "उंची दुप्पट झाली ना, तर पाणी दुप्पट होत नाही वहिनी, साडेपाच पटीच्या वर जातं!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलतो, की वहिनींनाही क्षणभर पाणी वाढावंसं वाटतं.

क्षणभरच. पाऊस उघडताच वहिनींनी गुपचूप मिस्त्री गाठला. तो खाली उतरला, पत्र्याकडे बघून म्हणाला, "साब, पानी बाहरसे आरा, आप अंदर कायकू नाप रै?" त्यानं बाहेरून पायापर्यंत चर खणला. भिंत घासली, सांध्याला गोलाई दिली, कोटिंग मारलं, वर खरबरीत शहाबादी फरशी लावून फटींत सिमेंटचा घोळ ओतला. तळाशी खडी आणि भोकांचा पाइप टाकून पाणी लांब काढून दिलं. काळी माती परत टाकलीच नाही. मुरूम ठोकून घराबाहेर उतार दिला. साहेब कठड्यावर बसून होते. प्रत्येक टप्प्याला म्हणत होते, "हे मी आधीच सांगितलं होतं." खोटं नव्हतं. सांगितलं होतंच, करू दिलं नव्हतं.

परतीचा पाऊस धो धो कोसळला आणि रीडिंग शून्य. वहिनींनी पेढे वाटले. साहेबांनी पेढा खाल्ला, पण चेहरा उतरलेला. "पाझर एकाएकी थांबला की धरणावर आम्ही खूश होत नसू. पाणी गेलं कुठं, ते आधी शोधायचं."

एमबीचं कोरं पान उघडून, गमबूट चढवून ते शेजारच्या फाटकाशी गेले. आतून आवाज आला, "आमच्याकडे तळघर नाहीये, साहेब!"

"जमिनीखाली टाकी तरी असेल की," म्हणत साहेबांनी कडी काढली.