घाटात गाडी उकळवण्याची पूर्वतयारी

सेकंड-हँड गाडी घाटात उकळली की लोक नशिबाला बोल लावतात. हा मालकाच्या कर्तृत्वावर अन्याय आहे. जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने कूलंटच्या वाटेने बाहेर काढावी लागते, हे गाडी बनवणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून ते दाब धरणारी कॅप, आपोआप सुरू होणारा पंखा, पातळीच्या खुणा असलेली अर्धपारदर्शक टाकी, तापमानाचा काटा किंवा लाल दिवा असा चोख बंदोबस्त करून ठेवतात. तो सगळा मोडून काढून बॉनेटखालून वाफेचा लोट उठवणे हे एका दिवसाचे काम नव्हे. त्यासाठी काही वर्षे नेमाने काहीही न करण्याची शिस्त लागते, आणि ती अंगी कशी बाणवावी एवढाच या मार्गदर्शनाचा विषय आहे. उद्दिष्ट म्हणून वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट धरला आहे. मे महिना, गाडीत पाच माणसे, डिकीत सामान, एसी चालू आणि पुढे मुंगीच्या पावलांनी सरकणारी रांग एवढे जमून आले की उरलेली सिद्धता मालकाची.

सुरुवात खरेदीपासूनच करावी. विकणारा सांगेल की गाडी डॉक्टरांची आहे, दहा वर्षांत जेमतेम ३०,००० किलोमीटर चालली आहे. हे ऐकून निर्धास्त व्हावे. रबर आणि प्लास्टिक मीटरकडे पाहून म्हातारे होत नाहीत, ते वर्षांनी आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी म्हातारे होतात, ही गोष्ट मनात येऊ देऊ नये. घर ते दवाखाना अशा दोन-दोन किलोमीटरच्या खेपांत या फेऱ्या किलोमीटरमागे उलट जास्तच होतात. होजपाइप बहुधा आतून आणि क्लिपच्या जवळ कमजोर होतो. बाहेरून तो काळाभोर, तुकतुकीत दिसतो, विक्रीआधी पॉलिश मारलेले असेल तर विशेषच. आजच्या बहुतेक रेडिएटरांची जाळी ॲल्युमिनियमची, तर टोकांच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे नायलॉन ठिसूळ होते, काळ्याचे तपकिरी दिसू लागते. तो तपकिरी रंग दिसला की धूळ समजून फडका मारावा. याच वेळी एखादा जाणता मेकॅनिक सुचवील की होजपाइप, कॅप, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप एकदमच बदलून टाका, नवे कूलंट भरा, काही हजारांत काम होईल. तेवढ्याच पैशांत सीट कव्हर आणि चांगली म्युझिक सिस्टीम येते, आणि त्या गोष्टी पाहुण्यांना दिसतात. नवा होजपाइप पाहायला कोणी बॉनेट उघडत नाही.

यानंतर कूलंटकडे वळावे, कारण इथे कमी कष्टात जास्त फळ मिळते. कूलंट म्हणजे पाणी गोठू नये म्हणून घालायचे औषध, आणि साताऱ्यात बर्फ पडत नाही, तेव्हा त्याची गरज काय, हा युक्तिवाद तयार ठेवावा. तो ऐकायला इतका सयुक्तिक आहे की बहुतेक गॅरेजांत पुरेसा ठरतो. कूलंटमधले ग्लायकॉल उकळण्याचा बिंदूही वर नेते आणि त्यातली रसायने ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतात, असे कोणी म्हणेलच. ती रसायने काही वर्षांत खर्ची पडतात, रंग मात्र तसाच राहतो, म्हणून 'अजून हिरवे आहे ना' एवढे उत्तर त्याला पुरे. पातळी उतरली की बोअरचे पाणी घालावे. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि उष्णतेची वाट हळूहळू अडवतात. हे काम पूर्ण शांततेत होते, मालकाला लक्षही घालावे लागत नाही.

कॅपला तर चुकूनही हात लावू नये. दोन-तीनशे रुपयांची ही वस्तू कुकरच्या तत्त्वावर चालते: आत साधारण एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास आणि निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट त्याहूनही वर उकळते. कॅपचे रबर वाळून चिरले की हा दाब राहत नाही. आता पाचगणीच्या पुढच्या महाबळेश्वरची उंची पाहा, सुमारे १,३५० मीटर. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, आणि इंजिनाचे नेहमीचे तापमानच ९० अंशांच्या घरात असते. म्हणजे कूलंटऐवजी पाणी आणि दाब न धरणारी कॅप एवढी दोनच पथ्ये पाळली तरी पाच-सहा अंशांचे काम शिल्लक राहते. ते चढ आणि एसी करतात. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असल्याने रेडिएटरला आयती गरम हवा मिळते.

वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक छिद्र असते. आतले सील झिजू लागले की त्यातून थेंब येतात आणि वाळलेल्या कूलंटचा ओघळ उमटतो; पंप बदलायची वेळ आली, हे सांगण्यासाठीच ते ठेवलेले असते. ते एम-सीलने बुजवावे. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, त्यामुळे बेल्ट बदलताना मेकॅनिक विचारतो की एवढे उघडलेच आहे तर पंपही बदलू का. नको म्हणावे. सहा महिन्यांनी तेवढेच पुन्हा उघडताना मजुरी दुसऱ्यांदा देता येते. थर्मोस्टॅट अडकू लागला असेल तर नवा बसवण्यापेक्षा काढूनच टाकावा, हा सल्ला नाक्यानाक्यावर फुकट मिळतो. इंजिन थंड चालते, पेट्रोल जास्त पिते, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासची जी वाट बंद करते ती उघडीच राहून थोडे गरम पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत फिरते. थंड राहावे म्हणून केलेला उपाय चढावर तापवायला मदत करतो. असा दुहेरी लाभ इतर कुठल्या सुट्या भागात नाही.

तरीही काही बदलावेच लागले, तर एका वेळी एकच भाग बदलावा. सगळे भाग एकाच वयाचे असतात, एकाच उष्णतेत शिजलेले असतात. त्यांतला एक गेला याचा अर्थ उरलेल्यांची पाळी जवळ आली. गळक्या कॅपमुळे कमी दाबावर कसाबसा तग धरलेला जुना होजपाइप नवी कॅप बसली की पहिल्यांदाच पूर्ण दाब अनुभवतो. पुढचे सांगायला नको. 'तुटेल तेव्हा बदलू' हे धोरण बल्बच्या बाबतीत शहाणपणाचे आहे, कारण बल्ब जाताना सोबत फक्त उजेड नेतो. होजपाइप मात्र जाताना ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड घेऊन जातो.

या सगळ्यावर एकच आक्षेप वजनदार आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल: नवा भागही खराब निघू शकतो, बाजारात डुप्लिकेट माल आहे, मग चालता जुना काढून नवा धोका का पत्करायचा? धोका खरा आहे. पण तो नेमका आमच्या उद्दिष्टाच्या आड येतो. सदोष किंवा नीट न बसवलेला नवा भाग बहुधा पहिल्या काही दिवसांतच रंग दाखवतो, म्हणजे गावातच, बसवणाऱ्या मेकॅनिकच्या हाकेच्या अंतरावर, पावती खिशात असताना. झिजलेला जुना भाग दगा देतो तो दाब आणि तापमान दोन्ही कळसाला असताना, आणि ती जागा म्हणजे घाट. ज्याला पसरणीतच थांबायचे आहे त्याने नव्या भागाचा धोका घेऊ नये, मग तो कंपनीचा का असेना.

प्रत्यक्ष दिवशी काट्यावर पूर्ण विश्वास ठेवावा. बऱ्याच गाड्यांत तो नेहमीच्या चढउतारात मध्यावरच स्थिर दिसावा अशी मुद्दाम योजना असते, त्यामुळे तो हलेपर्यंत बरेच काही घडून गेलेले असते. पाणी पुरतेच गळून गेले असेल तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत उरतो आणि काटा कधी कधी चक्क खाली येतो; तेव्हा गाडी थंड झाली समजून वेग वाढवावा. कूलंटचा गोडसर वास आला तर खिडक्या लावून घ्याव्यात. वाफ दिसल्यावर मात्र गरम रेडिएटरची कॅप उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते, आणि हे मार्गदर्शन गाडीपुरते आहे, माणसांपुरते नाही.

नंतरचा क्रम ठरलेला आहे. टोइंगवाला येतो, हेड उतरते, गॅस्केट जळालेले निघते, वाकलेले हेड फेसिंगसाठी वर्कशॉपमध्ये जाते. विमा कंपनीला विचारले तर यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही असे कळते. आधी वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट बिल होते. हेड परत चढवताना मेकॅनिक जुने होजपाइप हातात धरून विचारेल, हेही बदलू का. दाबून पाहावे, आणि सांगावे की हे अजून वर्षभर जातील.