नेतृत्वाला कोण जातंय?

मोबाइल हरवला की माणूस दोन कामं करतो. आधी बायकोच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावतो आणि मग पोलीस ठाण्यात जाऊन बसतो. पहिल्या कामाला मला एक मिनिट लागलं. दुसऱ्याला सकाळचे साडेआठ ते पावणेअकरा. तक्रार नाही. बाकडं भिंतीला टेकलेलं होतं, पंखा नेमका डोक्यावर होता आणि समोर हजेरी चालू होती. तिकीट न काढता एवढं बघायला मिळालं की मोबाइल गेल्याचं दुःख जरा हलकं होतं.

हजेरी घेणाऱ्याला पोलिसांत 'हजेरी मास्तर' म्हणतात. हुद्द्याने हवालदार, फार तर सहायक फौजदार. पण ठाण्यातल्या माणसांचा दिवस कसा जाणार, रात्र कुठे जाणार आणि पोराच्या वाढदिवसाला बाप घरी असणार की नाही, हे ठरवतात मास्तर. हातात एक लांबट वही, कानावर पेन. "तू कोर्ट. तू समन्स-वॉरंट. तुम्ही दोघं आरोपी घेऊन मेडिकलला. तू बारनिशी बघ, मॅडम रजेवर आहेत. तू... तुझी काल रात्रपाळी होती ना? बरं, मग आज सभेचा बंदोबस्त." यातला 'मग' कुठून आला हे विचारायची पद्धत नाही. मागच्या रांगेतून बारीक आवाज आला, "मास्तर, माझी वीकली सुट्टी?" मास्तर वहीतून मान न काढता म्हणाले, "पुढच्या आठवड्यात दोन घे." मागची रांग हसली. ही अशी ठेव आहे की व्याज सोडा, मुद्दलही हाती लागत नाही.

मग मास्तरांनी वहीतून एक पत्र काढलं. "वरून आलंय. पर्यवेक्षण कौशल्य आणि नेतृत्वगुण. दोन दिवस, मुख्यालयात. एक जण पाठवायचाय. नेतृत्वाला कोण जातंय?"

शांतता. आणि मग, कुणी काही न बोलता, सगळ्यांच्या माना उजव्या कोपऱ्याकडे वळल्या. तिथे एक सहायक फौजदार उभे होते. निवृत्तीला चार महिने. गुडघ्याने असहकार पुकारलेला, त्यामुळे बंदोबस्ताला निरुपयोगी. "काका, तुम्ही जा. एसी हॉल आहे."

नेतृत्वाचा प्रश्न अर्ध्या मिनिटात मिटला. आपल्याकडे एकाही पक्षाला हे जमलेलं नाही.

ज्याच्यावाचून काम अडत नाही त्याला प्रशिक्षणाला पाठवायचं, असा नियम कुठेही लिहिलेला नाही. म्हणूनच तो काटेकोर पाळला जातो. आणि शिकायला जाणाऱ्याची ही तऱ्हा, तर शिकवायला बसणाऱ्याची काय? वर्तमानपत्रांत एक शब्द तुम्ही वाचला असेल: 'अकार्यकारी पद'. अमुक अधिकाऱ्याची अकार्यकारी पदावर बदली, म्हणजे साहेबांवर कुणाची तरी खप्पा मर्जी. आणि अशा बदल्या जिथे होतात त्यांत प्रशिक्षणाच्या जागा असतात. म्हणजे ज्याच्या हातून नेतृत्व काढून घेतलं तो, ज्याला नेतृत्वाची आता गरज उरली नाही त्याला, नेतृत्व शिकवतो. उगाच कुणी म्हणायला नको की आपल्याकडे अनुभवी शिक्षक मिळत नाहीत.

प्रशिक्षणाची परंपरा मात्र जुनी आहे हो. अधिकारी घडवणारी आपली शाळा 1906 साली पुण्याच्या भांबुर्ड्यात सुरू झाली आणि 1909 मध्ये नाशिकला गेली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. तिथे शिकण्याचे दोन भाग: आंतरवर्ग आणि बाह्यवर्ग. आंतरवर्ग म्हणजे वर्गात बसून कायदा, बाह्यवर्ग म्हणजे मैदानावर कवायत. पहाटे मैदानात घाम काढलेला माणूस दुपारी वर्गात काय करतो, हे सांगायला समिती नको. तरी समिती नेमली. 1971 मध्ये केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते प्रा. माधव सदाशिव गोरे. समाजशास्त्रज्ञ, तेव्हा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. सांगणं थोडक्यात असं की पोलिसाला कवायत आणि कलमं शिकवा, पण माणूस कसा वागतो तेही शिकवा. अहवाल 1973 चा. अर्धशतक उलटलं. कवायत अप्रतिम आहे.

आता 'पर्यवेक्षण' या भारदस्त शब्दाचा ठाण्यातला अर्थ बघा. अर्थ आहे: सही. डायरीवर सही, रजिस्टरवर सही, तपासाच्या कागदावर सही, आणि सहीच्या वर एक शब्द, 'पाहिले'. काय पाहिले? कागद पाहिला. गस्तीवर लक्ष ठेवायचं म्हणून एटीएमच्या नि देवळाच्या भिंतीला वही टांगायची, तिच्यात सह्या व्हायच्या. आता क्यूआर कोड आले, सहीच्या जागी स्कॅन आलं. चोराला दोन्हींचा त्रास सारखाच.

नेतृत्वाचा अर्थ त्याहून सोपा: आवाज. साहेबांचा आवाज फाटकापर्यंत गेला की "साहेब कडक आहेत", नाही गेला की "साहेब मवाळ आहेत". साहेब बरोबर आहेत की चूक, हा रकानाच नाही. पोलीस निरीक्षक फौजदाराला झापतो, फौजदार हवालदाराला, हवालदार शिपायाला, आणि शिपाई? तो बाकड्यावर मोबाइल हरवून बसलेल्या माणसाला. उतरंडीच्या तळाशी कायम नागरिक असतो, याचा प्रत्यय मला साडेनऊच्या सुमारास आला. असो.

आणि खालच्याला वर काही सांगायचं असेल तर? सोय आहे. पोलीस अधीक्षक 'दरबार' भरवतात. नाव ऐकून मुजऱ्याची तयारी करू नका. तिथे कर्मचाऱ्याने उभं राहून अडचण मांडायची असते. हुशार माणसं पिण्याच्या पाण्याची अडचण मांडतात, कारण पाण्याची बदली होत नाही. शिवाय इंग्रजांच्या 'ऑर्डरली रूम'चं आपण मराठी करून ठेवलंय: 'आज्ञांकित कक्ष'. कसूर झाली तर तिथे हजर व्हायचं, गाऱ्हाणं असलं तरी तिथेच. खोलीच्या नावातच उत्तर आहे, आत जायची गरज काय.

ही वाफ अशी कोंडली की काय होतं, ते मुंबईने एकदा पाहिलंय. 1982 चा ऑगस्ट. शिपायांची संघटना होती, मागण्या साध्या होत्या: राहायला घर, कामाचे तास, आणि वरिष्ठांच्या घरची धुणी-भाजी आमच्याकडून नको. सरकारने 18 ऑगस्टला संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पहाटे उचललं. त्या दिवशी दंगल आवरणारेच रस्त्यावर उतरले आणि त्यांना आवरायला लष्कर बोलवावं लागलं. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. शिस्तभंग झालाच, त्यात वाद नाही. पण त्याआधी कितीतरी महिने किती साहेबांनी किती कागदांवर 'पाहिले' लिहिलं असेल, याचा हिशेब कुणी मागितला नाही.

याच मुंबईतली दुसरी गोष्ट 2016 ची, आणि ती मला जास्त आवडते, कारण तिच्यात कुणी भाषण केलेलं नाही. देवनार पोलीस ठाण्यातला एक साधा कर्मचारी. बारा-बारा तासांच्या ड्युट्या करून कंटाळला. कंटाळलेला माणूस एक तर कुरकुरतो किंवा आजारी रजा टाकतो. हा गडी कागद-पेन्सिल घेऊन बसला. आहेत तीच माणसं, आहे तेच काम, पण नीट वाटलं तर आठ तास काम आणि सोळा तास विश्रांती जमते का, याची त्याने मांडामांड केली. म्हणजे त्याने हजेरी मास्तरांची वही नव्याने लिहून काढली! आणि ती घेऊन तो थेट पोलीस आयुक्तांपर्यंत गेला.

इथे नेहमीच्या गोष्टीत त्याची बदली होते. पण आयुक्त होते दत्ता पडसलगीकर. त्यांनी कागद वाचला. त्यावर 'पाहिले' न लिहिता तो खरोखर पाहिला, आणि मे 2016 मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू केला. पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांतही नेला. यात नेता कोण, ओळखा. कागद मांडणारा की कागद ऐकणारा? मला विचाराल तर दुसऱ्याचं काम अवघड होतं. कितीतरी पायऱ्या वर बसलेल्या माणसाला खालचा माणूस आपल्यापेक्षा चांगलं गणित करतो हे मान्य करायचं, आणि तेही लोकांसमोर! कुठल्याही आंतरवर्गात याचा तास नाही.

हजेरीची वही म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्याला कळत नाही. सलग तीन वर्षं विसर्जनाला समुद्रावर कुणाला उभं केलं, दिवाळीत तीच ती चार नावं रात्रपाळीला का, साहेबांच्या गाडीवर कायम अमुकच का, मुलाच्या दहावीच्या परीक्षेत कुणाची रजा फेटाळली आणि कुणाच्या मेव्हण्याच्या साखरपुड्याला मंजूर झाली, सगळं त्या वहीत असतं. ठाण्यातल्या अन्यायाचा तो अधिकृत गॅझेटियर आहे. नवा निरीक्षक रुजू झाल्यावर भिंतीला रंग देतो, दर्शनी भागात कुंड्या ठेवतो, 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' नव्याने रंगवून घेतो. वही मागवून शांतपणे तासभर वाचणारा एखादाच. त्याला ठाणं आठ दिवसांत ओळखतं. त्याच्या हाताखालची माणसं रात्री दोनला फोन केला तरी "आलो साहेब" म्हणतात, आणि त्यातलं 'आलो' खरं असतं.

वरच्या पातळीवर हेच मोठ्या अक्षरांत दिसतं. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर राम प्रधान समिती नेमली गेली. पोलिसांच्या धाडसाबद्दल तिची तक्रार नव्हती. ते धाडस तुकाराम ओंबळे नावाच्या सहायक फौजदाराने गिरगाव चौपाटीवर, हातात फक्त लाठी असताना, अख्ख्या जगाला दाखवलं होतं. समितीने बोट ठेवलं ते वेगळ्या जागी: सर्वोच्च पातळीवरचं नेतृत्व उघड दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही. म्हणजे नेतृत्व नुसतं असून भागत नाही, हाताखालच्याला ते नजरेला पडावं लागतं. आपल्याकडे ते बॅनरवर दिसतं.

आता कुणी म्हणेल, अधिकाऱ्याला वही वाचायला वेळ तर द्याल? रास्त आहे. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं की ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षं तरी एका जागी राहू द्या. आपल्या राज्याने 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्त्या केल्या, बदल्यांसाठी आस्थापना मंडळं आली. आणि दुरुस्तीच्या पोटात जनहित, प्रशासकीय निकड वगैरे खिडक्याही आल्या. दरवाजा बंद, खिडक्या उघड्या. मुदतीआधी हलवलेला अधिकारी मग 'मॅट'मध्ये जातो, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात. तिथून स्थगिती आणतो, आणि ज्यांचं नेतृत्व करायचं ती माणसं दोन साहेबांना आळीपाळीने सॅल्यूट ठोकत राहतात. अशा साहेबाकडून संघभावनेची अपेक्षा कशी करायची? त्याने अजून बॅगेतून चादरही काढलेली नसते.

माझा नंबर पावणेअकराला लागला. गहाळ मोबाइलची नोंद घेणारी मुलगी नवी होती, चटपटीत. "काका, आयएमईआय नंबर?" मी खोक्याचा फोटो दाखवला, तो बायकोच्या फोनवर होता. पाच मिनिटांत काम झालं. सव्वादोन तास कशाला गेले, असं विचारलं नाही. तिच्या ड्युटीची वेळ साडेदहाला सुरू होते हे वहीत लिहिलेलं होतं, आणि त्याआधी त्या टेबलावर कुणी असावं हे लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी प्रत घ्यायला गेलो तर ते गुडघेदुखीवाले काका कार्यशाळा करून परतले होते. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमधलं प्रमाणपत्र, दोन रंगांत छापलेलं. जेवण कसं होतं, सगळ्यांनी चौकशी केली. श्रीखंड होतं. प्रमाणपत्राची बारनिशीत नोंद झाली, आवक क्रमांक पडला, सेवापुस्तकात लावायचा शेरा झाला. मग काका मास्तरांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा गंभीर, डोळ्यांत मिश्कील.

"मास्तर, शिकून तर आलो. आता नेतृत्व कुणाचं करू?"

मास्तरांनी कानावरचं पेन काढलं, वही उघडली, बोट फिरवत खाली आले.

"संध्याकाळी चौकात नाकाबंदी आहे. दोन होमगार्ड देतो."