पन्नास तास

प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे. मला ते पटतं. मास्तराला शिकत राहावंच लागतं. माझी तक्रार त्या तासांत जे होतं त्याची आहे.

आमची शाळा द्विशिक्षकी. मी प्रशिक्षणाला गेलो की पहिली ते चौथी बाई एकट्या सांभाळतात. तिकडे पहिला तास नोंदणीत आणि स्वागतात जातो. मग सुलभक पीपीटी लावतात आणि पडद्यावरचं वाचून दाखवतात. त्यांनाही जिल्ह्याला ते असंच वाचून दाखवलेलं असतं. चौथीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, त्याच खोलीत पहिलीची मुलं बसलेली आहेत, मी काय करू, असं मी विचारलं. शंकासमाधानात घेऊ, म्हणाले. शंकासमाधानाच्या वेळी प्रपत्रं भरून घेतली.

ऑनलाइन प्रशिक्षणात अनेक शिक्षक व्हिडिओ चालू ठेवून फोन चार्जिंगला लावतात. प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर आधीच आलेली असतात. त्या सहकाऱ्यांचा मला राग येत नाही. ‘आज रात्रीपर्यंत आपलं केंद्र शंभर टक्के करा’ असा निरोप आल्यावर दुसरं काय होणार?

ती वजाबाकी शिकवायला मी अखेर शिकलो, ते शेजारच्या वाडीवरच्या बाईंकडून, चहाच्या सुट्टीत. 52 मधून 27 काढायचे. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवायच्या. दोनांतून सात जात नाहीत, तेव्हा तो स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतो. हातचा म्हणजे काय, ते त्याला तिथे कळतं. दहा मिनिटं लागली. ती 50 तासांत कुठेच धरलेली नाहीत.

दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रकं वाचली जातात, जी सकाळीच फोनवर आलेली असतात. तो वेळ आम्हाला द्या. एकाने पाठ घेऊन दाखवावा, बाकीच्यांनी स्पष्ट बोलावं, आणि पुढच्या महिन्यात विचारावं, तुमच्या वर्गात काय बदललं? बावीस वर्षांच्या नोकरीत माझी हजेरी प्रत्येक प्रशिक्षणात घेतली गेली. हा प्रश्न एकदाही विचारला गेला नाही.