वरून कीर्तन, आतून ब्लूटूथ
दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप पाळणाऱ्यांचं सोवळं फार कडक. एखादा नट नव्या वळणाचा दिसला तरी त्यांना विटाळ होतो. अशा गाडीत स्टिरिओ बसवायचा म्हणजे गुपचूप करायचं काम. डॅशबोर्डला भोक पाडणं महापाप, म्हणून अॅम्प्लिफायर जातो सीटखाली. तोही शेजारच्याच, कारण ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी! स्पीकर मागच्या चाकांवरच्या हत्यारपेट्यांत. पाने-पक्कड ठेवायची जागा आता किशोरकुमारची.

पुढची गंमत विजेची. मूळ गाडी ६ व्होल्टची, स्टिरिओला हवेत १२. मग एक तर कन्व्हर्टर लपवा, नाहीतर डायनॅमोपासून बल्बपर्यंत सगळंच बदला. नट चालत नाही, पण अख्खं वायरिंग बदललेलं चालतं. दिसलं नाही म्हणजे झालं.

एवढं करून ऐकायचं कुठे? गाडीला दारं नाहीत, बाजूच्या काचा नाहीत, छत कॅनव्हासचं. पुढे २.२ लिटरचं इंजिन, पायाखाली गिअरची घरघर. पन्नासचा वेग गाठला की गाणं गेलं वाऱ्यावर. आवाज वाढवावा, तर सिग्नलला थांबल्यावर शेजारचा रिक्षावाला फर्माईश करतो.

तरी विंटेज गाड्यांच्या मेळाव्यात मालक साळसूद चेहऱ्याने उभा असतो. परीक्षक पुढच्या गाडीकडे वळले, की स्वतःच पेटीचं झाकण उघडून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, "कळलंच नाही ना?"