वाद न मोडता गूगल वापरण्याची रीत

गूगलच्या चौकटीत अख्खा प्रश्न लिहायचा आणि वर येईल त्या पहिल्या पानावर विश्वास ठेवायचा, ही आपली रूढ पद्धत. ती मोडण्यापूर्वी सुज्ञ माणसाने नीट विचार करावा, कारण तिच्यात कोणीच हरत नाही. ‘हळदीचे फायदे’ शोधणाऱ्याला फायदे सापडतात, ‘हळदीचे तोटे’ शोधणाऱ्याला तोटे, आणि जेवायला बसताना दोघेही अभ्यास करून आलेले असतात. गूगलची अंगची हत्यारे नेमकी या सलोख्यावर घाव घालतात. म्हणून ती चालवायला शिकावे, पण चारचौघांत काढू नयेत.

सर्वांत घातक हत्यार म्हणजे अवतरणचिन्हे. कुटुंबाच्या ग्रुपवर विवेकानंदांच्या नावाने आलेले वाक्य त्यांत कोंडून शोधले, की तेच शब्द त्याच क्रमाने जिथे आहेत तेवढीच पाने येतात. पुढे इंग्रजी अक्षरांत ‘बिफोर’, अपूर्णविराम आणि मधे जागा न सोडता एखादे जुने साल लिहावे. २०१९ पासून ही सोय आहे. त्या सालाआधी वाक्याचा मागमूस नसेल, तर संशयाला जागा आहे. निकाल मात्र लगेच देऊ नये; पानाची तारीख हा गूगलचा अंदाज असतो आणि तो चुकतो. वाक्य काकांनी पाठवले असेल तर हा शोध दिवाळीनंतरच जाहीर करावा. ‘आजच्या पुराचा’ फोटो टाकून मूळ फोटो हुडकण्याची सोय २०११ पासून आहे. तिलाही हाच संयम लागू. वजाचिन्ह त्यामानाने निरुपद्रवी: ‘ताम्हिणी’ लिहून पुढे ‘रिसॉर्ट’ला वजाचिन्ह चिकटवले, की घाट थोडा मोकळा होतो.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी इंग्रजीची चैन, मराठीत चालत नाही. आक्षेप अर्धा खरा आहे. मराठी कळफलकावरचा विसर्ग अपूर्णविरामासारखा दिसतो, पण गूगल त्याला अपूर्णविराम मानत नाही. अवतरणात ‘पुणे’ कोंडले, तर ‘पुण्यात’ आणि ‘पुण्याला’ बाहेर राहण्याचा संभव असतो. शिवाय युनिकोड येण्याआधीच्या फाँटांत टंकलेला कित्येक मजकूर पडद्यावर शुद्ध मराठी दिसतो आणि यंत्राला निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी. पण म्हणूनच शब्दाची दोन-तीन रूपे, ऱ्हस्व-दीर्घाचे पर्याय आणि इंग्रजी स्पेलिंग आलटून पालटून टाकावे लागते. शासन निर्णय हवा असेल तर शोध सरकारी संकेतस्थळापुरता आणि पीडीएफपुरता मर्यादित करावा. मूळ कागद हाती आला, की त्यावर रंगलेली चर्चा संपते. ही जोखीम ज्याची त्याने घ्यावी.

दुसरा आक्षेप नवा आहे: आता वरच एआयचा सारांश येतो, मग हा खटाटोप कशाला? सारांश कुठल्या पानांवरून काढला, हे ज्याला बघायचे नाही त्याच्यासाठी तो उत्तमच. बघायचे असेल त्याच्यासाठी ‘वेब’ हा पर्याय २०२४ मध्ये आला; तो दाबला की नुसते दुवे उरतात. अशी साधने कायमची मिळालेली नसतात, हेही लक्षात असू द्या. अधिकचिन्हाचा जुना उपयोग २०११ मध्ये बंद झाला, आणि पानाची साठवलेली प्रत दाखवणारा दुवा २०२४ मध्ये गेला. उरलेली आहेत तोवर वापरून घ्या. काकांना कळवायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.