पोरगा तयार आहे का?

मुंबईचं क्रिकेट बदलापूर स्टेशनात संपतं. आमच्या गावाचं महत्त्व वाढवायला हे सांगत नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्दच तशी आखलेली आहे. पश्चिम रेल्वेवर डहाणूपर्यंत, मध्य रेल्वेवर बदलापूरपर्यंत. पुढच्याच वांगणीच्या मुलाने कितीही देखणा कव्हर ड्राइव्ह मारला तरी तो पुण्याच्या खात्यात जमा होतो. तोच फटका आमच्या कुळगावच्या मुलाने मारला, तर गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर अशा रांगेत तो अगदी शेवटी का होईना, उभा राहतो. लोकलच्या दारात लटकणं सोडलं तर मुंबईशी आमचं इतकं सन्मानाचं नातं दुसरं नाही.

त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक मैदानाच्या कडेला एक निवड समिती बसलेली असते. बिनपगारी, पण पूर्णवेळ. एक जण रेल्वेतून निवृत्त, एक अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून. तिसऱ्याने म्हणे कधीकाळी टाइम्स शील्डला बँकेकडून दोन मोसम काढलेले; त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. समोर मॅटिंगच्या विकेटवर बारा-तेरा वर्षांची पोरं खेळत असतात आणि इकडे निकाल लागत असतात. "हातात आहे हो पोराच्या." "हातात आहे, पण पाय कुठे जातोय?" "शॉर्ट बॉल पडू दे, मग बघा." शॉर्ट बॉल टाकू शकेल असा गोलंदाज या मैदानावर कित्येक वर्षांत उगवलेला नाही, पण शंका काढून ठेवायला काही लागत नाही. आणि सर्वांत जड शेरा म्हणजे "टेंपरामेंट नाही". ज्या मुलाचा बाप जवळपास उभा नसेल त्याच्यासाठी तो राखून ठेवलेला असतो.

आंबेवाला निदान ओरडतो तरी, "दाबून बघू नका हो, डाग पडतो!" पोरांच्या बाबतीत ओरडणारं कुणी नसतं. जो येतो तो दाबून बघतो.

या समितीची खरी परीक्षा झाली ती जानेवारी २०१६ मध्ये, आमच्यापासून चौथ्या स्टेशनावर. कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा काढल्या. पंधरा वर्षांचा मुलगा, वडील रिक्षा चालवणारे. १२९ चौकार, ५९ षटकार. शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो ६५२ वर नाबाद होता, म्हणजे विक्रम तेव्हाच मोडला होता. १८९९ साली ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या पोराने नाबाद ६२८ केल्या होत्या. तो आकडा एकशे सोळा वर्षं जागचा हलला नव्हता.

त्या दोन दिवसांत आमच्या कट्ट्यावर उभी फूट पडली. एका गटाचं म्हणणं, "आता काय बघायचं राहिलंय? उद्या रणजीला घ्या." दुसरा गट विचारत होता, "ग्राउंड केवढं? समोर कोण होतं?" समोरच्या शाळेच्या दोन डावांची बेरीज भरली ८३. म्हणजे प्रश्न रास्त होता. पण पहिला गटही चुकीचा म्हणवत नाही. समोर कुणीही असो, तुम्ही हजार धावा काढून दाखवा की! आमच्यापैकी कित्येकांना साध्या अंडरआर्मला सलग तीन चेंडू खेळता येत नाहीत.

अडचण स्कोअरबुकाची आहे. धावा कुणी काढल्या हे ते चोख सांगतं. गोलंदाज किती पाण्यातला होता याचा रकाना त्यात नाही. पुढे प्रणवला असोसिएशनची शिष्यवृत्ती मिळाली, अपेक्षा मागोमाग आल्याच. मग धावा आटल्या, आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या वडिलांनी शिष्यवृत्ती थांबवा म्हणून आपणहून कळवलं. वर्षानुवर्षं नुसती खुर्ची अडवून बसणारे पाहिलेल्या या देशात ही गोष्ट मला त्या हजार धावांपेक्षा मोठी वाटते. आमच्या समितीने मात्र तेव्हा "आम्ही म्हणालोच होतो" असं म्हटलं. दोन्ही गटांनी म्हटलं.

कॉलिन्सचंही पुढे काही झालं नाही. तो सैन्यात गेला, प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही आणि १९१४ च्या नोव्हेंबरात पहिल्या महायुद्धात मारला गेला.

पोरांचं भविष्य आधीच सांगून टाकायचं हे दुखणं क्रिकेटचंच आहे असं मला वाटायचं. मग भाचा अमेरिकेला गेला आणि तिकडचं फुटबॉल पाहायची सवय आम्हालाही लागली. तिकडचं फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. नावाचा खुलासा त्यांच्याकडे मागू नये. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. चेंडू हातात आल्यापासून दोन-तीन सेकंदांत, अंगावर धिप्पाड माणसं धावून येत असताना, तो कुणाकडे फेकायचा हे त्याने ठरवायचं. कॉलेजात हे काम झकास करणारी पोरं दरवर्षी निघतात आणि त्यांतला कोण व्यावसायिक संघात टिकेल हे ओळखण्यावर तिकडे कोट्यवधी डॉलर उधळले जातात. इंडियानापोलिसला मुलांना बोलावून उंची, वजन, चाळीस यार्ड पळायला लागणारा वेळ, सगळं मोजतात. हाताची वीतसुद्धा मोजतात! जो बरो नावाच्या मुलाची वीत नऊ इंच भरली तर केवढा गहजब. त्यानेच शेवटी थट्टेने जाहीर केलं की एवढ्याशा हातांतून चेंडू निसटणार असेल तर आपण निवृत्तीचा विचार करतो. २०२० साली संघांनी ओळीने मुलं निवडली तेव्हा त्यालाच सर्वांत आधी उचललं आणि दुसऱ्याच मोसमात तो संघाला अंतिम सामन्यात घेऊन गेला. पूर्वी तर बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांचा पेपरही असे. म्हणजे आपल्या स्कॉलरशिप परीक्षेतून त्यांचीही सुटका नव्हती.

आणि इतकं करून निकाल काय? २००० साली टॉम ब्रेडीला १९९ व्या क्रमांकावर घेतलं, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडून झाले होते. त्याने पुढे सात अजिंक्यपदं जिंकली. २००७ साली जमार्कस रसेलला पहिल्या क्रमांकावर घेतलं. तीन मोसमांत त्याचा खेळ आटोपला. आमची समिती इतक्याच चुका एका कटिंगमध्ये करते.

पण तिकडच्या निवडणाऱ्यांचा खरा प्रश्न ऐकला आणि मला कल्याण आठवलं. कॉलेजातला क्वार्टरबॅक चेंडू फेकतो तेव्हा पुष्कळदा त्याचा झेलणारा गडी मोकळाच उभा असतो, कारण कॉलेज तालेवार आणि समोरचा संघ लेचापेचा. कुठली चाल खेळायची हे बाहेरून कोच सांगतो. वरच्या पातळीवर मोकळा गडी दिसतच नाही. तो मोकळा होईल तिथे आधीच फेकावं लागतं. मग कॉलेजातलं यश त्या मुलाचं, संघाचं की प्रतिस्पर्ध्याचं? वीत मोजून हे कसं कळणार?

आपल्याकडे हे कळण्याची एक सोय होती आणि अजून आहे. कांगा लीग. १९४८ पासून मुंबईत ऐन पावसाळ्यात चालत आलेली. ओली विकेट, गुडघाभर गवत, चेंडू कधी घोट्यापाशी तर कधी नाकापाशी. शाळेत तीनशे ठोकून आलेला मुलगा तिथे पन्नाशीतल्या, पोट सुटलेल्या, चष्मा लावणाऱ्या कुणा ऑफस्पिनरसमोर चाचपडतो आणि आठ धावांवर शॉर्ट लेगला झेल देऊन परततो. कांगा लीगला वीत लागत नाही. मुंबईचा खडूसपणा म्हणतात तो या चिखलातून येतो. आयपीएलच्या चाचण्यांना हल्ली चौदा-पंधराची पोरं जातात, काही चमकतातही. पण तिथे विकेट कोरडी असते हे विसरू नये.

दुसरी सोय म्हणजे दिलीप वेंगसरकर. शारदाश्रमची ती ६६४ धावांची भागीदारी फेब्रुवारी १९८८ ची. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. आकडा बघून निवड करायची तर आधी विनोदचं नाव लिहावं लागेल. आणि पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेल्या अमोल मुझुमदारच्या नावावर त्या डावात शून्यही नाही, कारण त्याला आत जायलाच मिळालं नाही. वेंगसरकरांनी आकडा पाहिला असेलच, पण प्रशिक्षक वासू परांजप्यांनी सांगितलं म्हणून सचिनला वानखेडेच्या नेटमध्ये बोलावलं आणि कपिल देवच्या हातात चेंडू दिला. झालं. मोठ्यात मोठा गोलंदाज समोर आणायचा आणि बघायचं. त्याच डिसेंबरात तो गुजरातविरुद्ध रणजी खेळला आणि पहिल्याच सामन्यात नाबाद १०० काढून आला.

कांबळीनेही कसोटीत सलग दोन द्विशतकं मारली. पण सतराच कसोट्या, सरासरी ५४. आणि अमोलने रणजी पदार्पणातच २६० केल्या, मुंबईकडून ढिगाने धावा केल्या, तरी भारताची टोपी काही त्याला मिळाली नाही. तो 'तयार' नव्हता असं कुणी म्हणेल का? जागाच रिकामी नव्हती. पॅड बांधून बसायचा सराव त्याला तेराव्या वर्षापासूनच होता. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक म्हणून तो मैदानावर होता.

आता आमच्या लाइनीवरचं उदाहरण. कल्याणचा तुषार देशपांडे. शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवड चाचणीला पोरगा गेला फलंदाज म्हणून. फलंदाजांची रांग पाहिली तर लांबलचक, गोलंदाजांची आखूड. कल्याणहून दादरला लोकलने येणाऱ्या माणसाला लांब रांगेविषयी जे वाटायचं तेच वाटलं. तो आखूड रांगेत जाऊन उभा राहिला आणि गोलंदाज म्हणून निवडला गेला. पुढे आयपीएल, २०२४ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी. आणि त्याच वर्षी रणजीच्या उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने १२३ धावा काढल्या; दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनचंही शतक. कुठली समिती हे ओळखणार होती? रांग छोटी असती तर आज तो चौथ्या क्रमांकावर खेळला असता, की कल्याणलाच राहिला असता, कोण सांगणार!

माझं म्हणाल तर, पोरगा तयार आहे का हा प्रश्नच मी आता विचारत नाही. मी विचारतो, समोर कोण आहे? आमच्याकडे कोचिंग क्लास वाढले, नेट वाढले, नायलॉनच्या जाळ्या रात्रीच्या दिव्यात चमकतात. पण आपल्यापेक्षा बऱ्या पोरांविरुद्ध सामना किती मिळतो? बहुतेक ठिकाणी समोरचा संघ जरा कमकुवत असेल असाच बघतात, कारण धावा झाल्या की पालक खूश, पालक खूश की फी वेळेवर. तेव्हा क्लासवाल्यांना विनंती एवढीच: महिन्यातून एकदा पोरांना हरायला घेऊन जा. दादरला न्या, ठाण्याला न्या. शून्यावर बाद होऊन परत येऊ द्या, गाडीत वडापाव द्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेटमध्ये घ्या.

आणि कट्ट्यावरच्या मंडळींनाही एक विनंती आहे. आमच्या आळीतला तो डावखुरा मुलगा पहाटे किट खांद्यावर टाकून स्टेशनाकडे निघतो, त्याला गाठून "मग, यंदा मुंबईकडून का?" असं विचारू नका. त्याचं यंदा दहावीचं वर्ष आहे.